स्वस्त, छोटे आणि परवान्याचे : पिस्तूल निवडण्यापूर्वी

जळगाव जिल्ह्याच्या नकाशावर शस्त्रांशी जोडली गेलेली दोन नावे आहेत. पहिले वरणगाव. भुसावळजवळच्या या गावातील आयुधनिर्माणीत सैन्यदलांच्या रायफलींची काडतुसे तयार होतात. दुसरे उमर्टी. चोपडा तालुक्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर असलेले हे नाव गावठी कट्ट्यांमुळे राज्यभरातील पोलीस ठाण्यांच्या दप्तरात नोंदले गेले आहे. एका ठिकाणी सरकारी मोजमापाने, तपासणीच्या अनेक टप्प्यांतून जाणारा दारूगोळा. दुसऱ्या ठिकाणी भट्टी, कानस आणि अंदाज.

या दोन टोकांच्या मध्ये सामान्य नागरिक उभा असतो. जळगावच्या सराफ बाजारातील व्यापारी, रावेर-यावल पट्ट्यातील केळीचा व्यवहार सांभाळणारा अडत्या, धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील पेट्रोलपंपाचा चालक, जिनिंगचा मालक अशा मंडळींना रोकड आणि ऐवज घेऊन वेळी-अवेळी प्रवास करावा लागतो. त्यांच्यापैकी काही जण शस्त्र परवान्यासाठी अर्ज करतात. परवाना हाती आल्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : खिशात मावेल असे लहान आणि परवडेल असे स्वस्त पिस्तूल कोणते? प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर दुकानातील किमतीच्या पाटीवर मिळत नाही. शस्त्राच्या बाबतीत किंमत आणि आकार हे शेवटचे दोन निकष होत. त्यांच्या आधी कायदा, गरज, विश्वासार्हता आणि सांभाळण्याची तयारी या चार गोष्टी येतात. हा क्रम उलटला, की स्वस्त वाटलेले शस्त्र फार महाग पडते.

खिशातल्या पिस्तुलाची कुळकथा

खिशात मावणाऱ्या स्वयंचलित पिस्तुलाचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून बेल्जियममधील एफएन कंपनीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ०.३२ बोअरचे, म्हणजे ७.६५ मि.मी. व्यासाच्या गोळीचे पिस्तूल बाजारात आणले. त्यानंतर काही वर्षांतच त्याच कंपनीने ०.२५ बोअरचे, कोटाच्या आतल्या खिशात बसणारे आणखी लहान पिस्तूल काढले. सपाट बांधणीमुळे ही शस्त्रे कपड्यांत सहज लपत आणि म्हणूनच जगभर पसरली. महाराष्ट्राच्या इतिहासातही त्यांची नोंद आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते ब्राउनिंग बनावटीचेच होते.

इंग्रज सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या हातातील शस्त्रांवर कडक निर्बंध घातले होते. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. मात्र एक जुने तत्त्व कायम राहिले. लष्कर व पोलीस वापरतात त्या बोअरची शस्त्रे सामान्य नागरिकाला द्यायची नाहीत, हे ते तत्त्व. सरकारी साठ्यातून काडतुसे बाहेर पडली तरी ती खासगी शस्त्रात चालू नयेत, हा त्यामागचा हेतू. म्हणूनच ९ मि.मी. बोअरचे पिस्तूल भारतात सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही आणि खासगी परवानाधारकाच्या हाती प्रामुख्याने ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल दिसते. परदेशी मासिकांतील किंवा चित्रफितींतील चर्चा वाचून-पाहून पिस्तुलाची निवड करू पाहणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. तिकडे शिफारस केलेली बहुसंख्य शस्त्रे येथे कायद्याने किंवा आयातबंदीमुळे मिळणारच नाहीत.

आधी परवाना, मग शस्त्र

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नसल्यामुळे परवान्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलिसांकडून चारित्र्य, पूर्वेतिहास आणि प्रत्यक्ष गरज यांची चौकशी होते. जिवाला किंवा मालमत्तेला असलेला धोका कागदोपत्री दाखवता आला, तर अर्जाला आधार मिळतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे अधिनियमाच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. परवाना नाकारला गेल्यास अठराव्या कलमानुसार अपील करता येते. मात्र शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नव्हे, ही भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण या प्रक्रियेत आणले. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली आणि एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुका-पिस्तुलांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसंचातील स्वतंत्र ओळख क्रमांक असणे आवश्यक आहे.

परवान्यावरील आणखी एक ओळ खानदेशातील माणसाने विशेष काळजीने वाचावी, ती म्हणजे क्षेत्राची. परवाना कोणत्या जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर वैध आहे, हे त्यावर लिहिलेले असते. रावेरहून बऱ्हाणपूर, शिरपूरहून सेंधवा किंवा धुळ्याहून नवापूरमार्गे सुरत हा येथील व्यापाऱ्याचा नित्याचा प्रवास होय. केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असलेले पिस्तूल कमरेला लावून सीमा ओलांडली, की तो परवाना त्या प्रवासापुरता निरुपयोगी ठरतो आणि धारक गुन्ह्याच्या कक्षेत येतो. गाडी तीच आणि माणूसही तोच असला तरी तपासणी नाक्यावर परवान्यातील क्षेत्रच पाहिले जाते.

बाजारात काय मिळते

वैयक्तिक वापरासाठी परदेशी पिस्तुले आयात करण्याची वाट सर्वसामान्यांसाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे निवड देशी बनावटीच्या शस्त्रांत किंवा पूर्वी देशात आलेल्या जुन्या परदेशी शस्त्रांत करावी लागते.

देशी शस्त्रांत सर्वाधिक परिचित आहे ते कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे ०.३२ बोअरचे सहाबारी रिव्हॉल्व्हर. ब्रिटिश वेब्ली पद्धतीच्या आराखड्यावर आधारलेले हे शस्त्र मधोमध मोडून भरता येते. पोलादी, दणकट आणि जुन्या वळणाचे असल्यामुळे ते खिशात जड वाटते. ०.३२ बोअरचे ‘अशनी’ हे मॅगझिनचे पिस्तूलही आयुधनिर्माणींचेच उत्पादन आहे. त्याची बांधणी सपाट असल्याने ते कपड्यांत कमी उठून दिसते.

वजनाची तक्रार दूर करण्याचा प्रयत्न २०१४ मध्ये झाला. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचार प्रकरणानंतर महिलांच्या संरक्षणाचा विषय ऐरणीवर आला असताना कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत उतरले. त्याची त्या वेळची किंमत मात्र १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. सामान्य नोकरदार स्त्रीला ती परवडणार कशी, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. त्यानंतर इशापूर रायफल फॅक्टरीने ‘निडर’ हे ०.२२ बोअरचे, सुमारे २५० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. जाहीर झाले तेव्हा त्याची किंमत ३५ हजार रुपयांच्या आसपास होती. स्वस्त आणि छोटे हे दोन्ही शब्द एकाच देशी शस्त्राला लागू पडण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता.

१ ऑक्टोबर २०२१ पासून आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगावचा कारखाना पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, तर भुसावळचा नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेला. पिस्तुले-रिव्हॉल्व्हर तयार करणारे कारखाने कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीत आले. याच कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. बाजूला उघडणारा सिलिंडर, ७६ मि.मी. लांबीची नळी आणि काडतुसांविना सुमारे ६७५ ग्रॅम वजन ही त्याची वैशिष्ट्ये. खासगी क्षेत्रातही आता परवानाधारक उत्पादक आहेत. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नाममुद्रेची ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशातील हरदोई येथे तयार होऊ लागली आहेत.

किमतींचा विचार करताना कर विसरून चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तुले व रिव्हॉल्व्हर वस्तू व सेवा कराच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेली. जुन्या बातम्यांतील आकडे पाहून अंदाजपत्रक मांडणाऱ्याने ही वाढ हिशेबात धरावी आणि अधिकृत विक्रेत्याकडून ताजी किंमत लेखी घ्यावी.

लहानपणाची किंमत

शस्त्र जितके लहान तितके ते बाळगायला सोपे आणि चालवायला अवघड, हा नियम जगभर खरा ठरला आहे. नळी आखूड झाली की गोळीचा वेग कमी होतो. पुढचा आणि मागचा दर्शक जवळ आल्यामुळे नेम धरण्यातील किंचित चूकही लक्ष्यावर मोठी होते. मूठ लहान असल्याने तळहाताची पकड अपुरी पडते. वजन कमी असल्याने धक्का अधिक बसतो, म्हणून दुसरी गोळी नेमकी जाणे आणखी कठीण होते.

बोअरचेही असेच आहे. ढोबळमानाने ९ मि.मी. पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा साडेचारशे ते पाचशे ज्यूल असते, ०.३२ बोअरची दीडशे ते पावणेदोनशे, तर आखूड नळीच्या ०.२२ बोअरची शंभरच्या आसपास. शिवाय ०.२२ च्या काडतुसात पेट देणारे रसायन बुडाच्या कडेत भरलेले असते, त्यामुळे ते न फुटण्याची शक्यता मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा अधिक असते. म्हणून स्वसंरक्षणाचा हेतू असेल, तर ०.२२ बोअरच्या बाजूने केवळ वजन व किंमत या दोनच गोष्टी बोलतात. तरीही ज्याच्या हातात ताकद कमी आहे किंवा ज्याला जोरदार धक्का सहन होत नाही, अशा व्यक्तीने ०.३२ चे जड शस्त्र घरी कपाटात ठेवण्यापेक्षा हलके शस्त्र नीट चालवायला शिकणे श्रेयस्कर.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा वाद जुना आहे. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर जाड असल्याने ते खिशात फुगते, पण त्याची रचना समजण्यास सोपी असते. एखादे काडतूस फुटले नाही, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस समोर येते. महिनोन्महिने न वापरता ठेवले तरी त्यात मॅगझिनची स्प्रिंग थकण्याचा प्रश्न नसतो. पिस्तूल सपाट असते आणि लवकर भरता येते. पण काडतूस अडकल्यास ते मोकळे करण्याचा सराव लागतो. मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस शिल्लक राहू शकते, हे विसरल्याने अनेक अपघात झाले आहेत. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच सराव करणाऱ्यासाठी साधे रिव्हॉल्व्हर अधिक क्षमाशील ठरते.

‘बॅकअप’ म्हणजे दुसरे, छोटे, राखीव शस्त्र. ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतील पोलिसांच्या सवयीतून आली. कमरेचे मुख्य शस्त्र हातचे गेले, तर घोट्याजवळ किंवा खिशात दुसरे असावे, असा तो विचार. भारतात एका व्यक्तीला दोनच शस्त्रांची मर्यादा असून शेतीच्या राखणीसाठी किंवा वडिलोपार्जित म्हणून एक बारा बोअरची बंदूक अनेकांच्या घरी आधीच असते. अशा परवानाधारकाने छोटे पिस्तूल घेतले, की त्याचा कोटा पूर्ण होतो. त्यामुळे येथे छोटे पिस्तूल हे बहुधा बॅकअप नसते. प्रवासात जवळ असणारे ते एकमेव शस्त्र असते. म्हणूनच ते राखीव शस्त्राच्या नव्हे, मुख्य शस्त्राच्या कसोटीवर उतरले पाहिजे.

जुने शस्त्र घेताना

नवे देशी रिव्हॉल्व्हर परवडत नाही म्हणून अनेक जण वापरलेल्या शस्त्राकडे वळतात. परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्या पात्र परवानाधारकास विकता येते. मात्र त्यासाठी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते. ओळखीतून, तोंडी बोलीवर, ‘कागद नंतर करू’ असे म्हणत झालेला व्यवहार दोघांनाही गोत्यात आणतो.

जुने परदेशी शस्त्र स्वस्त असते, हाही गैरसमज आहे. आयात बंद असल्याने नामांकित जुन्या पिस्तुलांना देशात अवाच्या सवा भाव येतो आणि त्या भावात नावाचा वाटा मोठा असतो. पन्नास-साठ वर्षांच्या स्प्रिंगा, झिजलेली नळी आणि न मिळणारे सुटे भाग यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. खरेदीपूर्वी शस्त्राचा क्रमांक परवान्याशी जुळतो का, नळीत गंज किंवा फुगवटा आहे का, सिलिंडर प्रत्येक घरावर पक्का बसतो का, चाप न ओढता घोडा सुटत नाही ना, या गोष्टी परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागिराकडून तपासून घ्याव्यात. त्या बोअरची ताजी काडतुसे नियमित मिळतात का, हेही पाहावे. काडतुसांचा तुटवडा असेल तर सराव होत नाही आणि सरावाविना शस्त्र निरुपयोगी असते.

स्वस्ताईचा दुसरा रस्ता

या सर्व खटाटोपासमोर एक वाट सोपी वाटते. ती उमर्टीकडे जाते. अनेर नदीच्या एका काठावर महाराष्ट्रातील उमर्टी आणि पलीकडे मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील पार उमर्टी. शस्त्रांना धार व झिलई देण्याचा परंपरागत व्यवसाय असलेल्या शिकलगार समाजातील काही कुटुंबांच्या हातातील कौशल्य येथे बेकायदा पिस्तुलांकडे वळले. या समाजातील अनेकांनी तो धंदा सोडला आहे किंवा कधी केलाच नाही. गावाच्या नावावर मात्र त्याचा शिक्का बसला. या भागातून निघालेली पिस्तुले चोपडा, शिरपूर, धुळे, जळगाव येथील कारवायांत सापडतात आणि थेट पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये संशयिताला पकडण्यासाठी गेलेल्या चोपडा तालुक्यातील पोलीस पथकावर तेथे हल्ला झाला आणि एका कर्मचाऱ्याला काही काळ ओलीस ठेवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तेथे मोठी कारवाई करून शस्त्रे घडविणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या.

गुन्हेगारांची गोष्ट वेगळी. पण अधूनमधून कारवाईत सापडणाऱ्यांत हौसेपोटी, समाजमाध्यमावर छायाचित्र टाकण्यासाठी किंवा भावकीच्या वादात ‘असावे जवळ’ म्हणून कट्टा घेणारे तरुणही असतात. त्यांनी कायद्याचा हिशेब समजून घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र किंवा काडतूस बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड आहे. शस्त्र प्रतिबंधित बोअरचे असेल तर किमान सात आणि कमाल चौदा वर्षे. बेकायदा निर्मिती, विक्री किंवा हस्तांतर यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप. काही हजार रुपयांत मिळालेल्या वस्तूची ही खरी किंमत होय. त्यात वकिलाचा खर्च, गेलेली नोकरी आणि पुढे कधीच न मिळणारे चारित्र्य प्रमाणपत्र धरलेले नाही.

धोका केवळ कायद्याचा नाही. कारखान्यातील पिस्तुलाची नळी ठरावीक प्रतीच्या पोलादाची असते. ती नेहमीपेक्षा अधिक दाबाच्या काडतुसाने तपासली जाते आणि मगच तिच्यावर तपासणीचा शिक्का बसतो. गावठी शस्त्रात हाती येईल त्या धातूची नळी, अंदाजाने पाडलेला कोठा आणि कानशीने बसवलेला घोडा असतो. नळी फुटली तर पहिला जखमी चालविणाराच असतो. अमेरिकेतही स्वस्त छोट्या पिस्तुलांचा असाच अनुभव आला. १९६८ च्या कायद्याने तेथे अशा परदेशी पिस्तुलांच्या आयातीवर बंधने आली, तेव्हा कॅलिफोर्नियातील काही कंपन्यांनी जस्ताच्या मिश्रधातूची अतिस्वस्त पिस्तुले काढली. त्यांची टिकाऊपणा आणि सुरक्षितता यांच्या बाबतीतील अपकीर्ती अजून पुसलेली नाही. ती कंपन्यांनी बनवलेली, क्रमांक असलेली शस्त्रे होती. गावठी कट्ट्याला तेवढाही आधार नाही.

खिसा, होल्स्टर आणि कपाट

‘खिशातले पिस्तूल’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी सुटे पिस्तूल खिशात टाकून हिंडण्यास नियमांत जागा नाही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातातील छोटे शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या तत्सम आवरणात, अंगाला जोडलेले, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. शस्त्र दाखवणे, रोखणे, हवेत बार काढणे निषिद्ध आहे. लग्नाच्या वरातीतील किंवा विजयी मिरवणुकीतील गोळीबारासाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूद आहे.

नियमामागे अनुभव आहे. खिशातील किल्ली, नाणे किंवा लेखणी चापाच्या कडीत अडकू शकते. धूळ व कापडाचे तंतू यंत्रणेत शिरतात. खानदेशातील उन्हाळ्यात घामाने पोलाद महिन्याभरात गंजते. चाप पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर ही चैनीची नव्हे, सुरक्षिततेची वस्तू असून खरेदीच्या अंदाजपत्रकात ती पिस्तुलाच्या बरोबरीने धरली पाहिजे. जुन्या धाटणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये शस्त्र पडल्यास घोड्याला धक्का बसून बार उडू शकतो. म्हणून घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाप्राप्त रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. घरात, कोणताही वाद किंवा हल्ला नसताना घडलेली ही घटना सर्वच परवानाधारकांना धडा आहे.

दुसरा धडा त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला मिळाला. मुंबईतील दहिसर परिसरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, ते हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले होते. परवाना व्यक्तीला दिलेला असतो; त्या व्यक्तीच्या कुटुंबाला, मित्राला किंवा मालकाला नव्हे. शस्त्र रिकामे करून कुलूपबंद ठेवावे, काडतुसे वेगळ्या ठिकाणी ठेवावीत आणि किल्ली मुलांच्याच नव्हे, तर घरातील इतर कोणाच्याही हाती लागू देऊ नये. मोटारीच्या कप्प्यात पिस्तूल ठेवून जेवायला जाणे म्हणजे चोराला आमंत्रण. शस्त्र हरवले वा चोरीला गेले तर तत्काळ पोलीस ठाण्यात कळवणे बंधनकारक आहे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीने आदेश दिल्यास ते जमा करावे लागते. परवानाधारक मृत्यू पावल्यास वारसांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. ‘आजोबांची आठवण’ म्हणून माळ्यावर ठेवलेले पिस्तूल नातवाला आरोपी बनवू शकते.

निवडीचा क्रम

थोडक्यात सांगायचे तर क्रम असा असावा. प्रथम धोका खरा आहे का, हे तपासावे. रोकड हा धोका असेल तर ती कमी करणे हा शस्त्रापेक्षा स्वस्त उपाय आहे. बँकेतून थेट भरणा, वेगवेगळ्या वेळी प्रवास, सोबतीला दुसरा माणूस, दुकानात कॅमेरे व धोक्याची घंटा यांना परवाना लागत नाही. मिरीचा फवाराही विनापरवाना बाळगता येतो. एवढ्यानंतरही गरज उरली तर परवान्यासाठी अर्ज करावा. परवाना मिळाल्यावर हातात धरून पाहिल्याविना शस्त्र ठरवू नये. मूठ पुरती बसते का, चाप एका बोटाने ओढला जातो का, वजन दिवसभर अंगावर बाळगता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात नसतात. अधिकृत विक्रेता, पक्की पावती, परवान्यावरील नोंद आणि काडतुसांची उपलब्धता यांची खातरजमा करावी. काही रक्कम होल्स्टर, कुलपाची पेटी आणि सरावाच्या काडतुसांसाठी बाजूला ठेवावी. एवढे करून जे परवडेल, त्यांत जे अधिक विश्वासार्ह असेल ते घ्यावे. जे अधिक लहान असेल ते नव्हे.

सरावाचा मुद्दा अखेरचा असला तरी गौण नाही. चाप ओढण्याची वेळ बहुधा काही फुटांच्या अंतरावर, अंधारात, घाबरलेल्या मनाने आणि दोन-तीन सेकंदांच्या अवधीत येते. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला असला, तरी तो आवश्यक तेवढ्याच बळापुरता आहे. प्रत्येक गोळीचा जाब नंतर न्यायालयात द्यावा लागतो. ती चुकून रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला लागली तरीही. ज्याला वर्षातून काही दिवस परवानाप्राप्त नेमबाजी केंद्रावर जाणे शक्य नाही, काडतुसांचा खर्च जड वाटतो किंवा ज्याच्या घरात राग, व्यसन वा लहान मुलांचा मुक्त वावर आहे, त्याच्यासाठी पिस्तुलाचा योग्य आकार कोणता, याचे उत्तर एकच आहे : कोणताच नाही.